पायाची जखम आणि प्राणवायूची कोठी



गेल्या वर्षावासाच्या सुरुवातीला रेवदंड्याजवळच्या एका बौद्धवाडीतून आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तिचे पती धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. वय पन्नाशीच्या आसपास, बारा वर्षांपासून मधुमेह. कारखान्यातला बूट चावला, करंगळीजवळ फोड आला, पायाला संवेदनाच नसल्यामुळे तो दुखला नाही, आणि दुखला नाही म्हणून आठ दिवस कोणी पाहिला नाही. बोट काळे पडले. एका खासगी रुग्णालयात दोन बोटे काढली. त्याला दोन महिने झाले तरी जखम भरेना. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की एका यंत्रात बसून प्राणवायू घ्यावा लागेल, तीस वेळा, आणि खर्च लाखाच्या वर जाईल. घरात दहा गुंठे जागा आहे. ती विकावी का, एवढाच त्या भगिनीचा प्रश्न होता. शेवटी तिने लिहिले होते की गावात कोणाला विचारावे तर जो तो आपला वैदू सांगतो.

आम्ही डॉक्टर नाही. परंतु हा प्रश्न एका घराचा नाही. मधुमेहाने आपल्या वस्त्यांत किती घरे धरली आहेत ते वाचकांना सांगायला नको. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने त्यांची शेवटची वर्षे फार वेदनेत गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ते काठीच्या आधाराने उभे होते, हे छायाचित्रांत आपण सर्वांनी पाहिले आहे. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि घरात रोजची देखरेख होती. आपल्या कामगाराच्या घरी तशी देखरेख कोण करणार? म्हणून या उपचाराविषयी आम्ही जाणकारांकडे चौकशी केली, वाचन केले आणि त्या भगिनीला उत्तर धाडले. इतर घरांनाही उपयोग व्हावा म्हणून ती माहिती येथे देत आहोत.

सोडावॉटरच्या बाटलीतले शास्त्र

या उपचाराला हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट तितकी अवघड नाही. एक बंद कोठी असते. कुठे ती एका माणसाला झोपता येईल एवढी पारदर्शक नळी असते, तर कुठे आठ-दहा माणसे बाकावर बसतील अशी पोलादी खोली. आत हवेचा दाब वाढवतात. नेहमीच्या दाबाच्या दोन ते अडीच पट. समुद्रात दर १० मीटर खाली गेले की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे कोठीत बसलेला माणूस जणू तेहतीस ते पन्नास फूट पाण्याखाली बसलेला असतो, फक्त कोरडा. त्या दाबाखाली तो शुद्ध प्राणवायू श्वासाने आत घेतो. एक बैठक, ज्याला दवाखान्यात सिटिंग म्हणतात, ती साधारण दीड ते दोन तासांची. अशा वीस, तीस, कधी चाळीस बैठका, आठवड्यातून पाच-सहा दिवस.

याने होते काय? आपण घेतो त्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी तो उचलून अंगभर नेतात. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी साध्या हवेतच जवळजवळ पूर्ण भरलेल्या असतात. एस.टी. भरली की आणखी प्रवासी घेता येत नाहीत, तसेच. म्हणून नाकाला नुसती नळी लावून प्राणवायू दिला तर फुप्फुसाच्या रोग्याला आधार मिळतो, पण पायाच्या जखमेपर्यंत फारसे जादा काही पोहोचत नाही. दाब वाढवला की मात्र प्राणवायू तांबड्या पेशींना सोडून रक्ताच्या पाण्यातच विरघळतो. गोटीच्या सोडावॉटरच्या बाटलीत गॅस दाबाने पाण्यात मुरवतात, तोच हा नियम. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्ताच्या पाण्यात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला तर तो सहाच्या घरात जातो. विश्रांतीच्या वेळी शरीराला तेवढाच लागतो. ॲमस्टरडॅमच्या बुरेमा नावाच्या शस्त्रवैद्याने १९६० साली डुकरांवर प्रयोग करून दाखवले की तांबड्या पेशी जवळपास काढून टाकल्या तरी दाबाच्या कोठीत प्राणी काही काळ जगू शकतो.

जखमेच्या कडेला रक्ताच्या बारीक नळ्या तुटलेल्या असतात, सूज असते, तांबड्या पेशी शिरत नाहीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तेथे झिरपतो. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना प्राणवायू लागतो, नवे मांस विणणाऱ्या पेशींना लागतो, आणि वारंवार असा पुरवठा झाला की तेथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटू लागतात. सूजही उतरते. बैठका एकदोन पुरत नाहीत त्या यामुळे. रोप लावले की दुसऱ्या दिवशी लोंबी येत नाही.

हे आले कुणाच्या दुखण्यातून

ही गोष्ट श्रीमंतांच्या दवाखान्यात जन्मलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

मोठ्या नदीवर पूल बांधायचा तर पाया पाण्याखाली खोलवर न्यावा लागतो. त्यासाठी तळ उघडा असलेली मोठी पेटी नदीत बुडवतात आणि आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर रोखतात. त्या पेटीत उतरून मजूर चिखल आणि दगड खणतात. १८७० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईस आणि ब्रुकलिन येथील पूल असे बांधले गेले. पाळी संपवून मजूर वर आले की काही वेळाने त्यांचे सांधे असह्य दुखत, माणसे वाकून चालत, काहींचे पाय लुळे पडत, काही मरत. सेंट लुईसच्या एका पुलावर डझनाहून अधिक मजूर या दुखण्याने गेले. ब्रुकलिनच्या पुलाचा मुख्य इंजिनीअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः याच आजाराने अंथरुणाला खिळला. त्याचे नाव पुलाबरोबर जोडले गेले. मजुरांची नावे शोधावी लागतात.

कारण तेच, सोडावॉटरचे. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. माणूस झटकन वर आला तर गोटी फोडलेल्या बाटलीप्रमाणे रक्तात बुडबुडे उठतात. १८८९-९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हडसन नदीखाली बोगदा खणताना अर्नेस्ट मॉयर नावाच्या इंजिनीअरने पाहिले की वर्षाला चारांतला एक मजूर मरतो आहे. त्याने बॉयलरसारखी एक लोखंडी कोठी करवून घेतली. आजारी मजुराला त्यात घालून पुन्हा दाब द्यायचा आणि मग हळूहळू उतरवायचा. पुढच्या पंधरा महिन्यांत १२० माणसांपैकी दोनच दगावली. आज ज्या कोठीत बसायला पैसे मोजावे लागतात तिची आजी ती बॉयलरची कोठी होय. आपल्याकडे हावड्याच्या पुलाच्या पायासाठीही दाबाच्या हवेत मजूर उतरले होते.

आपल्या रायगडच्या किनाऱ्याला हे शास्त्र अनोळखी नाही. १९७४ साली मुंबई हायला तेल सापडले. तेव्हापासून समुद्रातल्या नळांवर काम करणारे पाणबुडे दाबाच्या कोठीशिवाय काम करू शकत नाहीत. तेथला तेल-वायू उरणला येतो. आणि मांडव्याच्या धक्क्यावरून समोर जी मुंबई दिसते, तिच्या टोकाला कुलाब्यात नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे. पाणबुड्यांसाठी म्हणून तेथे दाबाच्या कोठीचा उपचार रुजला आणि मग न भरणाऱ्या जखमांसाठीही वापरला गेला. अशी गोष्ट समुद्राच्या पलीकडच्या काठावर असूनही आपल्या वाड्यांत तिचे नाव पोहोचलेले नाही. नाव पोहोचते ते एकदम खर्चाच्या आकड्यासकट, रुग्ण खाटेवर असताना.

कुठे उपयोग, कुठे नाही

आता मुद्द्याचे. शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे वाटावे म्हणून ही कोठी घ्यावी का? अपेंडिक्स, हर्निया, बाळंतपणातले सिझेरियन, पित्ताशयाचे खडे अशा शस्त्रक्रियांनंतर निरोगी माणसाला हिची गरज नाही. टाके आपोआप भरतात. लागते ते पोटभर वरण-भात, अंडी-मासळी, झोप आणि स्वच्छ ड्रेसिंग. ताकद येते, चेहरा तजेलदार होतो, म्हातारपण लांबते अशा जाहिराती करून कोणी कोठी विकत असेल तर त्या जाहिरातीचा कागद चुलीत घालावा.

जेथे जगभरचे डॉक्टर हा उपचार मान्य करतात ती यादी लहान आहे. चिखलातल्या जखमेत शिरणारे, मांस फुगवून कुजवणारे गॅस गँगरीन. कारखान्यात किंवा अपघातात चेंगरलेला हात-पाय. कातडी किंवा मांसाचा तुकडा दुसरीकडून आणून लावला आणि तो काळा पडू लागला तर. कोळशाच्या शेगडीचा किंवा जनरेटरचा विषारी धूर अंगात गेला तर. हाडात खोल मुरलेला, औषधांना न बधणारा पू. कर्करोगाच्या विजेच्या उपचाराने, ज्याला आपण शेक देणे म्हणतो, पुढे काही वर्षांनी होणारी हाडाची आणि आतल्या भागाची हानी. एकाएकी गेलेले ऐकू येणे. आणि मधुमेहाच्या पायाची खोल, सडलेली जखम.

जबड्याचे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी आपल्या घरांत तोंडाचा कर्करोग आणून बसवला आहे. शेक दिलेल्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून येत नाही, उघडे पडते, कुजते. म्हणून अमेरिकेतल्या मार्क्स नावाच्या शस्त्रवैद्याने १९८५ साली दात काढण्यापूर्वी वीस आणि नंतर दहा बैठका द्याव्यात असा पाठ घालून दिला. तो जगभर चालला. पुढे इंग्लंडमध्ये १४४ रुग्णांवर याची तपासणी झाली, तिचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. कोठी दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत जबडा कुजण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, शेकडा सहाच्या आसपास निघाले. म्हणजे शेक घेतलेल्या प्रत्येकाने दात काढताना तीस बैठका घेण्याचे कारण राहिले नाही. जबडा आधीच कुजलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेथे शस्त्रवैद्याचा सल्ला ऐकावा.

मधुमेहाच्या पायाबद्दल तर मोठ्या डॉक्टरांतच दोन मते आहेत, आणि ते लपवून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. स्वीडनमध्ये २०१० साली ९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर कोठी घेतलेल्यांपैकी शेकडा ५२ जणांची जखम पूर्ण भरली, दुसऱ्या गटात शेकडा २९ जणांची. हा फरक मोठा आहे. परंतु २०१८ साली हॉलंड-बेल्जियममधल्या १२० रुग्णांचा अभ्यास आला. त्या रुग्णांच्या पायाच्या रक्तवाहिन्याही तुंबलेल्या होत्या. त्यांत कोठीमुळे पाय वाचण्याचे प्रमाण खात्रीने वाढले असे म्हणता आले नाही. कोठीच्या गटातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याला सगळ्या बैठका पुऱ्या करता आल्या नाहीत, हेही त्यात नोंदले आहे. हॉलंडसारख्या सपाट आणि श्रीमंत देशात ही अवस्था. आपल्या मुरूड-श्रीवर्धनच्या माणसाने रोज कोठीपर्यंत कसे जावे?

यावरून आम्ही त्या भगिनीला कळवले की कोठी खोटी नाही, पण ती पहिली पायरीही नाही. तिच्या अगोदर काही गोष्टी झाल्या आहेत का ते डॉक्टरांना विचारा. पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी झाली का? वरची मोठी नळीच तुंबली असेल तर आधी ती फुग्याने उघडावी लागते किंवा वळसा घालून रक्त न्यावे लागते. कालव्याचा दरवाजा बंद असताना शेतात तांब्याने पाणी ओतल्यासारखे होईल नाहीतर. आत हाडात पू आहे का, एक्स-रे किंवा एम.आर.आय. काढला का? मेलेले मांस पूर्ण साफ केले का? शुगर कितीवर आहे? आणि त्या पायावरचा भार काढला का? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत. जखमेवर रोज शंभर पावले पडली तर जगातला कोणताही प्राणवायू ती भरणार नाही. जखमेशेजारच्या कातडीवर एक छोटी चकती चिकटवून तेथे प्राणवायू किती पोहोचतो ते मोजता येते. चांगल्या ठिकाणी बैठका सुरू करण्यापूर्वी ही मोजणी करून मग सांगतात की उपयोग होईल की नाही. तुमच्या डॉक्टरांनी न मोजताच तीसचा आकडा सांगितला असेल तर विचारायला संकोच करू नका.

आपली माणसे दवाखान्यात विचारत नाहीत. फाटक्या कपड्यातल्या माणसाने प्रश्न विचारला की काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी विचारावे. सोबत वाडीतला शिकलेला मुलगा किंवा मुलगी न्यावी आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

खर्च आणि वाट

मुंबई-पुण्याच्या खासगी केंद्रांत एका बैठकीला काही हजार रुपये पडतात. आमच्या मते जागा विकण्यापूर्वी पुढील वाटा तपासाव्यात.

घरात कोणी सैन्यातून निवृत्त असेल, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिल्यापासून कोकणात अशी घरे पुष्कळ आहेत, तर माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेचे कार्ड पाहा. २००३ पासून ही योजना आहे. त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून संदर्भचिठ्ठी घेऊन लष्करी किंवा नौदलाच्या रुग्णालयाची वाट विचारता येते. कित्येक घरांत आजोबांचे कागद ट्रंकेत पडलेले असतात आणि विधवा आजीला आपला हक्क माहीतच नसतो.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कंत्राटदाराकडून विमा क्रमांक मागून घ्या. कापतात आणि क्रमांक देत नाहीत, अशा तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली अडारकर यांना कामगारांच्या आजारविम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. त्यातून पुढे १९४८ चा कायदा झाला. हा आपला पैसा आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पायाची शस्त्रक्रिया, रक्तवाहिनी उघडणे यांपैकी काय योजनेत बसते ते त्याच्याकडून रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारून घ्यावे. कोठीचेही विचारावे. मुंबईतल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत शेकडा दहा खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र जवळ हवा. रुग्ण खाटेवर पडल्यावर दाखल्यासाठी धावपळ करण्यापेक्षा तो दरवर्षी काढून ठेवावा.

वाटेचे सांगायचे तर पावसाळ्यात मांडव्याच्या साध्या लाँच बंद असतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा पूलही झाला. पण पुलावर एस.टी.च्या तिकिटात रोज जाऊन-येऊन बैठका घेणे रेवदंड्याच्या माणसाला परवडणारे नाही. महिनाभर चेंबूर-गोवंडीला बहिणीकडे किंवा भावाकडे राहावे लागते. त्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक आजारी माणूस जादा झोपतो. उपचाराच्या खर्चात तो खर्च कोणी धरत नाही. ती बहीण मात्र धरते.

आत बसण्यापूर्वी

कोठीत बसायचे ठरलेच तर काही नियम प्राण गेला तरी मोडू नयेत. शुद्ध प्राणवायूत ठिणगी पडली की माणूस वाचत नाही. ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी इटलीतील मिलान शहरात एका रुग्णालयाच्या कोठीत आग लागून ११ जण मेले. एका रुग्णाबरोबर हात शेकण्याची लहानशी वस्तू आत गेली होती. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पाच वर्षांचे मूल कोठीतल्या आगीत गेले. ते केंद्र रुग्णालय नव्हते. म्हणून कोठी रुग्णालयाच्या आवारात आहे का, डॉक्टर हजर असतो का, हे पाहूनच आत पाऊल टाकावे.

अंगावर फक्त त्यांनी दिलेले सुती कपडे. मोबाईल, काडेपेटी, घड्याळ, नायलॉनची साडी बाहेर. आणि भगिनींनो, केसांना खोबरेल नको, अंगाला बाम नको, पावडर-क्रीम नको. आपल्याकडे दवाखान्यात जायचे म्हणजे बायका आधी तेल लावून वेणी घालतात, म्हणून मुद्दाम लिहितो. काहींच्या दंडाला अजून गंडा-दोरा निघतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही निघतो, तेथील परिचारिका सांगतात. तोही काढूनच आत जावे. पुन्हा बांधू नये हे आमचे म्हणणे.

दाब वाढताना कान दडे बसल्यासारखे होतात, घाट उतरताना होतात तसे. थुंकी गिळावी, जांभई द्यावी, नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे. फार दुखले तर लगेच खूण करावी. सर्दी असेल त्या दिवशी जाऊ नये. मधुमेह्याची शुगर आत बसल्यावर खाली येते, म्हणून उपाशी बसू नये आणि आधी शुगर तपासून घ्यावी. क्वचित एखाद्याला झटका येतो. बऱ्याच बैठकांनंतर काहींना लांबचे अंधूक दिसू लागते, ते बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होते. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल, ज्याला न्युमोथोरॅक्स म्हणतात, तर ती काढल्याशिवाय कोठीत जाणे जिवावर बेतते. कर्करोगाचे ब्लिओमायसिन औषध घेतले असेल तर तेही सांगावे. आणि बैठकांच्या काळात विडी आणि मिश्री पूर्ण बंद. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. आत दीड तास प्राणवायू घ्यायचा आणि बाहेर येऊन मिश्री लावायची, हा पैशाचा चुराडा आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची एक कथा आहे. जीवक म्हणजे उकिरड्यावर टाकलेले मूल, जे तक्षशिलेला सात वर्षे शिकून बुद्धांचा वैद्य झाले. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे मस्तक वर्षानुवर्षे दुखत होते. जीवकाने विचारले, सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहशील का? तो हो म्हणाला. जीवकाने कवटी उघडून कृमी काढले, टाके घातले. श्रेष्ठी सात दिवसांतच कुरकुरू लागला. दुसऱ्या कुशीवरही सातच दिवस टिकला, उताणाही सातच. एकवीस दिवसांत तो बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाला की मी महिने सांगितले नसते तर तू एवढे दिवसही पडून राहिला नसतास. शस्त्रक्रियेनंतर पडून राहणे किती अवघड असते हे त्या वैद्याला अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते. रोजंदारीच्या माणसाला ते त्याहून अवघड असते. श्रेष्ठीचा पगार बुडत नव्हता.

त्याच ग्रंथात कोणता रोगी सांभाळायला कठीण, तेही सांगितले आहे. जो औषध घेत नाही, आणि आपले दुखणे आहे तसे सांगत नाही. आमच्या त्या बंधूंनीही फोड आठ दिवस लपवलाच होता, कारण रजा घेतली तर कंत्राटदार दुसरा माणूस घेईल ही भीती.

त्या भगिनीचे दुसरे पत्र दिवाळीनंतर आले. तिने प्रश्नांचा कागद घेऊन पुतणीला सोबत नेले. डॉप्लर झालीच नव्हती असे निघाले. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात तपासणी केली तेव्हा गुडघ्याखालची एक वाहिनी जवळजवळ बंद होती. ती फुग्याने उघडली, उरलेले मेलेले मांस साफ केले, पायाला भार न पडेल असा साचा घातला आणि इन्शुलिन सुरू केले. पतीला दहा आठवडे कुर्ल्याला दिराकडे ठेवले. तिसऱ्या आठवड्यापासून जखमेच्या कडेला लाल मांस दिसू लागले. तेथल्या डॉक्टरांनी सांगितले की आता कोठीची गरज दिसत नाही, जखम पुन्हा अडली तर पाहू. दहा गुंठे शाबूत आहेत. कारखान्याचे काम मात्र गेले. ते सध्या बाजारात भावाच्या टपरीवर बसतात.

नवीन बूट त्यांना मापाने करून दिला आहे, आत मऊ तळ असलेला, आणि डॉक्टरांनी बजावले आहे की घरातसुद्धा अनवाणी चालायचे नाही. दर रविवारी वाडीतल्या विहारात वंदना असते. पहिल्या रविवारी ते बाहेर पायरीवरच बसून राहिले, कारण बूट घालून आत कसे जायचे? वाडीतल्या पंचांनी त्यावर बैठक घेतली. बरीच वादावादी झाली म्हणे. आता विहाराच्या दाराशी एक ओले पोते आणि एक खुर्ची ठेवली आहे. बूट पोत्यावर पुसून ते आत येतात. पत्र लिहीपर्यंत वाडीतले आणखी तिघे मधुमेही चपला घालूनच आत येऊ लागले होते, आणि त्या तिघांचेही पाय विहाराच्या ओट्यावर बसवून पुतणीने आरशाने तपासले.